घोड्या पूजेत होत्या

नाना, गेल्या रविवारी ह्यांची गाडी आम्ही दोघींनी उचलली, मी आणि तुमच्या नातीने. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय. इंदूरला नोकरी करते, दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. गाडी कुणा शौकीन माणसाला देऊन टाकायचं ठरलं होतं, पण सहा वर्षं एका जागी उभी राहून तिच्या चारही चाकांची हवा गेली होती, टायरांना भेगा पडल्या होत्या, आणि आधीच बुटकी असलेली गाडी आणखी खाली बसली होती. ओढून न्यायला दोर अडकवावा तर हात आत जात नाही. चाकं बदलायची म्हणजे ती घरीच उचलावी लागणार, ज्या अंगणात ती तुमच्या जावयाच्या छातीवर बसली त्याच अंगणात. मिस्त्री बोलावता आला असता. मुलगी म्हणाली, परका माणूस इथे नको. मलाही तेच वाटत होतं. काम नीट झालं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर चहा पिताना तिने विचारलं की गाडीला टेकू द्यायच्या लोखंडी घोड्या घरात असताना पापांनी विटा का लावल्या, आणि मी म्हणाले की आळस केला असेल. नाना, त्यांनी आळस केला नव्हता. त्यांनी माझ्याकडे घोड्या मागितल्या होत्या आणि मी दिल्या नव्हत्या. हे जगात फक्त मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

सकाळी तिने मोबाइल पायरीवर टेकवून ठेवला आणि त्यातला माणूस जसं सांगेल तसं करायला लागली. मला म्हणाली, "आई, तू बस. मैं देख लूँगी." मी बसले. तिने ह्यांचा चाकांचा जॅक ओढत आणला आणि गाडीखाली सरकवायला गेली तर तो तोंडापाशीच अडला. गाडीखाली चार बोटं जागा. तिने समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मोबाइल मागे नेऊन पुन्हा लावला. मोबाइलमधल्या माणसाकडे वेगळाच चपटा जॅक होता. मग मी उठले. आधी चाकांत तासभर टिकेल एवढी हवा भरायला लावली. जिन्याखालच्या कोठडीतून फळ्या आणायला पाठवलं, दोन इंच जाडीच्या, एका कडेने तासलेल्या. शेजारचे दोघे बापलेक आले आणि त्यांनी मागून रेटून पुढची चाकं फळ्यांवर चढवली. तेवढ्याने गाडीचं नाक उचललं गेलं आणि जॅक आत गेला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावले, गियरमध्ये टाकली, हॅन्डब्रेक ओढला, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले. जॅक कुठे लावायचा ते मी बोटाने चाचपून सांगितलं, पुढच्या चाकामागे पत्र्याची दुहेरी कड असते तिथे, आणि मध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू तो पूरी मिस्त्री निकली."

हे सगळं तुमचं. जयेंद्रगंजच्या वर्कशॉपमध्ये कुठल्याशा सरदारांच्या घरची एक बुटकी दोन माणसांची विलायती गाडी वर्षातून एकदा यायची आणि तुम्ही तिच्यासाठी फळ्या राखून ठेवल्या होत्या. बाकीच्या मिस्त्र्यांना तुम्ही सांगायचात, उंच गाडी चूक माफ करते, बुटकी करत नाही, कारण तिच्याखाली माणसाला कुशीवर वळायलाही जागा नसते. मी तेव्हा शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन यायची. बारा वर्षांची असेन. त्या दिवशी मी दारातून आत येतेय, गाडी जॅकवर आहे, तुम्ही हात पुसताय, आणि एक नट घरंगळत गाडीखाली जातो. मी डबा खाली ठेवते आणि नट काढायला हात घालते. पुढच्या क्षणी माझी वेणी तुमच्या मुठीत आहे आणि मी मागे फरशीवर पडलेय. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मी रडत होते आणि तुम्ही ग्रीसचा रिकामा डबा गाडीखाली ठेवलात आणि जॅकची चावी सोडलीत. आवाज फार मोठा झाला नाही. गाडी पुन्हा उचलून डबा मला दाखवलात, पापडासारखा झाला होता. म्हणालात, "जॅक गाडी उचलायला असतो. धरून ठेवायला घोडी असते. घोडी लागल्याशिवाय नखसुद्धा आत जाता कामा नये." मग स्वतः माझी वेणी पुन्हा घालायला बसलात, आणि ती इतकी वाकडी घातलीत की आईने घरी विचारलंच, ही कुणी घातली.

घोडी म्हणजे काय हे मुलीला मला सांगावं लागलं. तीन पायांची लोखंडी, मध्ये दांडा, दांड्याला भोकं, हव्या त्या उंचीवर खिळा घालायचा. तुमच्या दोन घोड्या तुम्ही वर्कशॉप बंद केलंत तेव्हा मला दिल्यात. बाकी सगळी हत्यारं दुसऱ्या मिस्त्रीने नेली. आई म्हणाली, मुलीला हे कसलं द्यायचं, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे आता तलवार कुठे राहिलीय, नवमीला पुजायला तिच्याकडे काहीतरी लोखंड नको का. आपले पणजोबा फौजेत होते, घरात खांडा होता, तो कुठल्या पिढीत गेला कुणास ठाऊक. तुम्ही खंडेनवमीला जॅक, नट आवळायचे पाने आणि घोड्या धुऊनपुसून पाटावर मांडायचात, हळदकुंकू, झेंडू, आणि मग नियम एकच: दसऱ्याला शमीची पानं वाटून होईपर्यंत पूजेतलं लोखंड हलवायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला बसू द्या, असं म्हणायचात. मी लग्नानंतर माधवगंजच्या ह्या घरात तो पाट दर वर्षी मांडला. दिलेल्या वस्तूंपैकी मला सगळ्यांत आवडलेल्या त्या दोन घोड्या, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता ह्या गाडीचं सांगते, कारण ती तुमच्यानंतरची. तुमचे जावई आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सांभाळत बसले आणि रिटायर झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ही लाल गाडी घेऊन आले, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी, कुणीतरी वापरून कंटाळलेली. गल्लीत पोरं गोळा झाली. पलीकडची वहिनी म्हणाली, "काकी, गाडीत बसताय की विहिरीत उतरताय?" आणि खरंच तसंच होतं. आत शिरताना मला आधी डोकं घालावं की पाय हेच कळायचं नाही, गुडघे बोंब मारायचे, आणि उतरताना ह्यांना बाहेरून हात द्यावा लागायचा. सराफ्यात एकदा मला उतरताना बघून दुकानदार खुर्ची घेऊन धावत आला, त्याला वाटलं बाईंना चक्कर आली. हे हसत होते. माझं तोंड आठवडाभर बंद. गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं आणि मग हे दर रविवारी खाली शिरून काहीतरी बांधत बसायचे. पण एक सांगते, नाना, खाली शिरताना त्यांनी एकदाही घोड्या लावल्याशिवाय पाठ टेकवली नाही. तुमचा तो पापड झालेला डबा मी त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितला होता. घोड्या लावायचे, गाडी दोन्ही हातांनी हलवून बघायचे, आणि मला ओरडून सांगायचे, "नानांचं पासिंग झालं." दर वेळी. मला कंटाळा यायचा त्या वाक्याचा.

हे गेले त्या नवमीला सकाळी मी पाट मांडला. ह्यांनी आरतीला यायचं होतं, ते अर्धी आरती झाल्यावर आले, हाताला काळं. मी त्यांच्याकडे न बघता आरती पुरी केली. दुपारी पुरणावरणाचं जेवण झालं आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मला त्या गाडीतून नणंदेकडे शमी द्यायला न्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि गाडीच्या पोटाखालचं एक आवरण सुटून रस्त्याला घासत होतं. म्हणाले, "अगं, दहा मिनिटं घोड्या दे. पुन्हा आहेत तशा ठेवतो, झेंडूसकट." मी भांडी घासत होते. मी वळलेसुद्धा नाही. म्हणाले, "देवी काय मोजत बसलीय का." मी म्हणाले, नाही मिळायच्या, नानांचा नियम आहे. मग म्हणाले, "ठीक है, नानांच्या पुढे कोण जाणार," आणि गेले. चिडून नाही गेले. हे मला सगळ्यांत जास्त आठवतं, की चिडून नाही गेले.

जॅक पूजेत नव्हता, तो ह्यांनी गाडीसाठी नवीन घेतलेला, गाडीपाशीच असायचा. त्यांनी फळ्या घातल्या, गाडी उचलली, दोन्ही बाजूंना विटा रचल्या. तुम्ही सांगायचात की वीट भिंतीत हत्तीचं वजन पेलते आणि गाडीखाली न सांगता फुटते. हे मी त्यांना सांगितलं होतं का, आठवत नाही. जॅकचं तेल पाझरून तो हळूहळू खाली बसत होता, ते त्यांना कळलं नसावं. गाडी सावकाश विटांवर आली आणि एक वीट फुटली. मी स्वयंपाकघरात होते. आवाज फार मोठा झाला नाही. गल्लीतल्या पाच माणसांनी गाडी हातांनी उचलली, तेवढी ती हलकी होती. तोवर झालं होतं.

सुतक लागलं म्हणून धावत आलेल्या जावेने त्याच संध्याकाळी पाट उचलला. फुलं काढली, घोड्या गोणपाटात गुंडाळून जिन्याखालच्या कोठडीत ठेवल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने देवघराचं बंद दार पाहिलं आणि अंगणातली फुटकी वीट पाहिली. घोड्या कुठे होत्या हे कुणी विचारलं नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाने वीट फुटली एवढं लिहिलं आणि तो मला म्हणाला, "अम्माजी, लोग ध्यान नहीं रखते." मी मान हलवली. नाना, सगळं तिथूनच सुरू झालं. मला काही खोटं बोलावंही लागलं नाही. नुसती मान हलवायची होती. त्यानंतर सहा नवम्या झाल्या, मी लोखंडाला फूल वाहिलं नाही. जावेला वाटतं, मला त्या दिवसाची भीती बसली.

रविवारी फळ्या आणायला गेलेली मुलगी तो गोणपाटही उचलून घेऊन आली. उलगडताना एका घोडीच्या भोकात अजून हळद होती. मी तिला घोडी कुठे लावायची ते दाखवलं, खिळा पूर्ण आत गेलाय का ते बोटाने तपासायला लावलं, जॅक जरासा उतरवून सगळं वजन घोड्यांवर येऊ दिलं. मग दोघींनी गाडी धरून हलवून बघितली. हलली नाही. तिने चाकं बदलली, पुढची आणि मग मागची, हात काळे, कपाळावर घाम, अगदी ह्यांच्यासारखी ओठ चावत. मला वाटलं की आता तरी थोडं बरं वाटेल. गाडी उभी आहे, खाली कुणी नाही, सगळं जसं व्हायला पाहिजे होतं तसं झालंय. पण काही वाटलं नाही. बरोबर केलेलं काम सहा वर्षं उशिरा केलं तर ते नुसतं काम असतं.

मग पायरीवर चहा. ती म्हणाली, "ये घोड़ी तब घर में थी?"

मी म्हणाले, होत्या.

"पापांना माहीत होतं?"

माहीत होतं, मी म्हणाले.

"फिर ईंट क्यों लगाई?"

आणि मी म्हणाले, "आळस केला असेल."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मुझे पता था. दो मिनट का काम था, आई. दो मिनट." तिचा आवाज चढला नाही. मला म्हणाली की सहा वर्षं ती त्यांच्यावर रागावलेली आहे आणि तो राग जात नाही, तिच्या लेकीला आजोबांची गोष्ट सांगायला बसली की मध्येच गप्प होते, कारण शेवटी ते स्वतःच्या बेफिकिरीने गेले असंच सांगावं लागतं. म्हणाली, "तुला असं एकटं टाकून गेले, ते पण वीट लावून." माझी बाजू घेऊन बोलत होती, नाना. माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली, तीही गेली. अंगणात आता चार चाकांच्या खुणा आहेत आणि मध्ये फरशीचा रंग वेगळा आहे. मी वाचत बसते. दहावीनंतर शाळा सुटली ती आईच्या दुखण्यात, पण वाचायचं सुटलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे, वाचनालयातली पुस्तकं तुम्हीच आणून द्यायचात आणि ग्रीसचे डाग पडले म्हणून बोलणी खायचात. ह्यांच्यामागे मी त्या गाडीचं इंग्रजी पुस्तकसुद्धा डिक्शनरी घेऊन वाचून काढलं, दोन हिवाळे लागले. त्यात अगदी तुमचंच वाक्य आहे, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नये. ते चौकटीत छापलंय. मला वाटायचं, वाचत गेलं की कुठेतरी लिहिलेलं सापडेल की एक नियम दुसऱ्याच्या आड आला तर मोठा कुठला मानायचा. तेवढ्यासाठी मी पोथ्यासुद्धा वाचल्या. मग वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मला उत्तर नको होतं, मला असं पान हवं होतं की ज्यात माझं चुकलं नाही असं लिहिलंय.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करते. सोमवारपासून रोज मी ठरवते की आज सांगायचं. एक वाक्य आहे. त्या वाक्याने तिला तिचे वडील परत मिळतील आणि आई जाईल. ती माझं सगळं ऐकून घेईल, मला ठाऊक आहे, काही बोलणार नाही, फोन करत राहील. पण पाठीवरचा तो हात पुन्हा तसा फिरणार नाही. कालही तिने विचारलं, आई, औषध घेतलंस का. मी घेतलं म्हणाले. फोन ठेवला. मी सांगणार नाही, नाना. मी स्वतःला आता ओळखते. मी आणखी म्हातारी होईन, जाईन, आणि ती तिच्या लेकीला ईंट लावणाऱ्या आजोबांची गोष्ट सांगत राहील.

इतकं लिहूनही मी तुम्हाला पूर्ण लिहिलेलं नाही. मी नऊ वर्षांची असताना एका नवमीला भर दुपारी एक डॉक्टर आपल्या घरी आले होते. गाडीचा काहीतरी रॉड निखळला होता आणि मुरारला त्यांना कुणाच्या बाळंतपणाला पोचायचं होतं. आई माजघरात झोपली होती. तुम्ही पाटासमोर उभे राहिलात, हात जोडलेत, आणि दोन्ही घोड्या उचलल्यात. मी दारात होते. तुम्ही मला म्हणालात, "माणूस आधी. देवीला मी समजावतो, तू आईला सांगू नकोस." तासाभराने घोड्या पुसून जागेवर ठेवल्यात, झेंडूही तसेच लावलेत. मी आईला सांगितलं नाही, कधीच कुणाला नाही, ह्यांनासुद्धा नाही.

त्या दुपारी हे दारात उभे होते तेव्हा मला ते आठवलं होतं. नंतर नाही, तेव्हाच. भांडं हातात होतं आणि तुम्ही पाटापाशी वाकलेले मला स्पष्ट दिसलात. मला माहीत होतं की तुम्ही असता तर दिल्या असत्यात. पण मी सकाळपासून रागावलेली होते, मला एक दिवस ती गाडी जमिनीवर राहिलेली बघायची होती. माझं स्वतःचं नाही म्हणणं त्यांनी ऐकलं नसतं, हसण्यावारी नेलं असतं. म्हणून मी तुमचं नाव घेतलं.